मार्फत नाक्यावरचे दुकान

मुंबईला कामाला गेलेल्या माणसाला गावाहून जे पत्र यायचे, त्याच्या पत्त्यात नावानंतरची ओळ बहुधा ‘मार्फत’ या शब्दाने सुरू व्हायची. मार्फत अमुक किराणा भांडार, मार्फत अमक्या बाईंची खानावळ, मार्फत नाक्यावरचा इराणी. त्याखाली चाळीचे नाव, डिलाइल रोड, मुंबई १३. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांपैकी कोण कोणत्या वेळी घरी सापडेल याचा पोस्टमनला भरवसा नसे. दुकान मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असे आणि दुकानदाराला गिऱ्हाईक तोंडओळखीने ठाऊक असे. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांच्या हाती असे पत्र आले की ते नाव वाचतात, मजकूर वाचतात, तारीख टिपून घेतात आणि ही मधली ओळ सोडून देतात. मुंबईतल्या मराठी कुटुंबाचा माग काढायचा असेल तर सुरुवात त्या मधल्या ओळीपासून करावी, असे माझे म्हणणे आहे. माणसाचे नाव नंतर. आधी दुकान.

हे उलटे वाटेल, कारण वंशावळ म्हटली की नावांची उतरंड डोळ्यांपुढे येते. पण नाव हाताशी धरून शोध घ्यायचा तर नावांची खात्रीची यादी कुठेतरी असावी लागते. ब्रिटनमध्ये ती आहे. तिथे जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१चे तक्ते जानेवारी २०२२मध्ये लोकांसमोर आले. त्यामुळे लंडनच्या एखाद्या बंद पडलेल्या पबचा मालक कोण, माडीवर कोण राहत होते, हे तिथला माणूस थेट वाचू शकतो. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याचे कलम १५ व्यक्तिगत नोंदी पाहूच देत नाही. आपल्या हाती येतात ती फक्त कोष्टके. १९२१मध्ये मुंबईतले सुमारे ८४ टक्के रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते, हे कोष्टक सांगते. त्यात तुमचे पणजोबा कोणत्या ओळीत, हे सांगत नाही. त्यात आडनावांचा घोळ. गावात नुसत्या बापाच्या नावाने ओळखला जाणारा माणूस गिरणीच्या हजेरीपटावर कारकुनाला सुचेल त्या आडनावाने चढे, आणि एकाच गावच्या दहा जणांना तेच ‘कर’ लावलेले असे. काही मोजक्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, पण ते बहुतेक पांढरपेशांचे, आणि त्यांत सुना-लेकींना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. बाकीच्यांचे नाव शोधायला गेलात तर शेकडो माणसे सापडतात. दुकान शोधायला गेलात तर एका नाक्यावर येऊन उभे राहता.

कामाला लागायचे ते कोऱ्या कागदावर रस्ता काढून. घरातल्या वृद्धांना ‘आजोबा मुंबईत कधी आले?’ असे विचारले की उत्तर हमखास चुकते. साल कोणालाच आठवत नाही, आणि आठवले तर ते बहुधा कोणीतरी लग्नात सांगितलेले असते. त्याऐवजी विचारावे: दूध कुठून यायचे? उधारीची वही कोणाकडे होती? पिठाची गिरणी कोणत्या अंगाला? कोळशाची वखार? दाढी कुठे करायचे, चप्पल कोण शिवायचे, रात्रपाळीहून येताना चहा कुठे घ्यायचे? उत्तरे आली की एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंची दुकाने क्रमाने मांडावीत. हे काम बाई आणि पुरुष यांच्याकडून वेगवेगळे करून घ्यावे, एकाच्या देखत दुसऱ्याचे नको. बायकांच्या रस्त्यावर शिधावाटपाचे दुकान, रॉकेल, गिरणी, बांगडीवाला असतो. पुरुषांच्या रस्त्यावर इराणी, सलून, व्यायामशाळा आणि जरा आढेवेढे घेऊन गुत्ता. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की जी दुकाने दोहोंत एकाच जागी पडतात ती पक्की धरावीत. जागा पक्की करायला ठाम खुणा लागतात. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा ही अशी खूण आहे. १९३१मध्ये ‘आलम आरा’ तिथे लागला आणि आज त्या जागी शॉपिंग सेंटर उभे आहे. ‘मॅजेस्टिकच्या समोर’ किंवा ‘ट्राम वळायची तिथे’ असे वाक्य आले की खडूची रेघ मारल्यासारखे होते. ट्राम तर ३१ मार्च १९६४ला बंदच झाली, म्हणजे ती आठवण त्याच्या अलीकडची असू शकत नाही.

दुकानाचा मोठा गुण म्हणजे त्याला तारीख लावता येते. एखादी जाहिरात जवळ धरून पाहा. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका, नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंकांची मागची पाने यांत आसपासच्या दुकानांच्या जाहिराती भरलेल्या असतात, आणि मुंबईच्या मराठी रस्त्यांची एवढी तपशीलवार नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. समजा अर्ध्या पानाच्या चौकटीत वर गणपती, खाली कापड दुकानाचे नाव, त्याखाली ‘प्रो. प्रा.’ म्हणून मालकाचे नाव, मग ‘ठाकूरद्वार, गिरगाव रोड, मुंबई ४’, एका कोपऱ्यात पाच आकडी टेलिफोन आणि तळाला ‘लग्नमुंजीच्या खरेदीस अवश्य या’. किंमत आण्यांत दिली असेल तर जाहिरात बहुधा एप्रिल १९५७च्या आधीची, कारण तेव्हा दशमान नाणी आली. नुसते ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा १९७२च्या आधीची. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला आणि त्याच ‘४’चे ४०० ००४ झाले. टेलिफोन आठ आकडी असेल तर पान २००२नंतरचे. ‘गिरगाव रोड’ म्हटले आहे की ‘जगन्नाथ शंकरशेट रोड’, ‘गिरगाव बॅक रोड’ की ‘विठ्ठलभाई पटेल रोड’, यावरूनही अंदाज येतो, मात्र हा पुरावा कच्चा, कारण दुकानदार जुने नाव वर्षानुवर्षे सोडत नाहीत (आणि गिऱ्हाईक तर कधीच नाही). अशा चार खुणा एकत्र आल्या की साल पाच-सात वर्षांच्या पट्ट्यात बसते. आजोबांच्या आठवणीला एवढी अचूकता कधीच येत नाही. शिवाय ‘त्या दुकानातून आईच्या लग्नाचा शालू घेतला’ या वाक्याला आता वय मिळते.

यापुढचा टप्पा कागदांचा. रस्त्यांची नावे बदलली, घरक्रमांक ‘जुना’ आणि ‘नवा’ असे दोनदोन झाले, तरी मुंबई शहरात जमिनीच्या तुकड्याचा सी. एस. क्रमांक सहसा टिकून असतो. म्हणून इमारत ओळखली की आधी तो क्रमांक मिळवावा आणि त्यावरून मिळकत पत्रिका काढावी. मुंबई शहराचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. पत्रिकेत भाडेकरू नसतात, मालक असतात. पण मालक कळला की भाडेवही कोणाच्या घरी असेल हे कळते, आणि घरमालकाच्या मेहताने लिहिलेल्या त्या वहीत माडीवरच्या खोल्या आणि तळमजल्याचे गाळे एकाखाली एक येतात. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी आणखी एक दार आहे. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन झाले तेव्हा शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती धरल्या गेल्या. त्यांतल्या १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, १९५०अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि त्यानंतरच्या ‘क’ वर्गात. आज हे मंडळ म्हाडाचा भाग आहे. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करताना निवासी आणि अनिवासी गाळेधारकांची यादी करावीच लागते. आपल्या इमारतीची ती यादी माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जात इतर भाडेकरूंची खासगी माहिती मागू नये, ती नाकारली जाईल आणि नाकारावीही; इमारतीचे नाव, गाळ्याचा क्रमांक, व्यवसाय आणि आपल्याच कुटुंबाची नोंद एवढेच मागावे. दुकानाच्या बाजूने पाहिले तर १९४८चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा २०१७पर्यंत लागू होता. त्याची नोंदणी म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ‘गुमास्ता’ म्हणतात ते लायसन. त्यावर मालक असतो आणि नोकरांची संख्याही. ही बाजू विसरू नये: गल्ल्याच्या अलीकडे आपले आजोबा उधारी मागत उभे असतील, तसे पलीकडे पुड्या बांधत बसलेलेही असू शकतात.

एवढे केल्यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. छापील डिरेक्टऱ्यांत युरोपियन, पारशी आणि मोठ्या पेढ्या सापडतात. खानावळवाली, पानवाला, भिंतीला टेकून बसलेला चांभार सापडत नाही. मग ज्यांच्या घरी कागदच नाहीत त्यांनी काय करायचे? डिरेक्टरीपुरता आक्षेप मान्य. पण गरिबांचे दुकान मुळात नात्यावर चाले, आणि ते नाते गावाचे असे. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवरच्या १९९४च्या ग्रंथात दाखवले आहे, की काम मिळवण्यापासून उधारी मिळण्यापर्यंत सगळे वस्तीतल्या ओळखीवर उभे होते, आणि संपाच्या दिवसांत वाण्याची उधारी ही लढण्याची ताकद होती. १९२८चा संप सहा महिने चालला. वाण्याने वही मिटली असती तर तो तितका लांबला असता का, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. वाणी अनोळखी माणसाला उधार देत नसे. कोणीतरी शब्द टाकावा लागे, आणि शब्द टाकणारा बहुधा गाववाला असे. म्हणून दुकानावरून गाव सापडते. खानावळीबाबत तर हे जवळजवळ नियमाने खरे आहे. स्वतःच्या खोलीत चुलीवर, मग स्टोव्हवर पंधरा-वीस माणसांचे रांधणाऱ्या बाईकडे जेवायला येणारे तिच्याच तालुक्यातले, तिच्याच चवीचे असत. साताऱ्याच्या माणसाला मालवणी खानावळीत रोज जेवताना पाहिले असेल तर त्यामागे काही कारण शोधावे. गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना धोबी तलावच्या आसपासच्या ‘कुडां’चा असाच उपयोग होतो. बोटीवर जाणाऱ्यांचे ते गावनिहाय क्लब होते, म्हणजे कूड कळली की गाव कळले.

आणि गाव कळले की एकदम जुनी कवाडे उघडतात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाला त्याच्या गावावरून आणि आडनावावरून शोधतात. नुसते ‘मुंबईचे’ म्हणून गेलात तर उपाध्याय तरी काय करणार? गावाकडच्या घरात मनीऑर्डरची कुपने असतात. पैसे पोस्टमनने मोजून दिले तरी कुपन घरात राही, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असे आणि चार ओळींचा मजकूर: पैसे पोचल्याचे कळवणे, बैलाचे पाहणे, दादाला शाळेत घालणे. शंभर कुपने सालवार लावली तर पत्त्यातल्या दुकानांवरून माणूस कोणत्या वर्षी कोणत्या गल्लीत होता याचा पट समोर येतो. दुकान बदलले म्हणजे खोली बदलली, बहुधा गिरणीही. गिरणीत होता हे पक्के असेल तर तिकीट नंबर शोधावा. १ जानेवारी १९८२ला हजेरीपटावर असलेल्या कामगारांना घरे देण्याच्या योजनेसाठी अनेक घरांनी ई.एस.आय.चे कार्ड, फंडाच्या चिठ्ठ्या, तिकीट नंबर असे सगळे एका फायलीत जमवलेले आहे. ती फाईल सहसा कपाटावरच्या पिशवीत असते आणि घरातल्या तरुणांनी ती उघडलेली नसते. शिधापत्रिकाही तशीच. मुंबईत मे १९४३मध्ये शिधावाटप सुरू झाले, आणि जुन्या पत्रिकेवर माणसांच्या नावांशेजारी वये आणि दुकानाचा क्रमांक एकत्र येतात. हा क्रमांक जुळला की तुमच्या हाताने काढलेल्या नकाशाला पहिला छापील साक्षीदार मिळतो.

खानावळीबद्दल आणखी एक सांगावेसे वाटते. कुटुंबाच्या इतिहासात बायका दिसत नाहीत, अशी तक्रार सगळे करतात आणि मग पुन्हा मिळकतीचे आणि नोकरीचे कागद चाळतात, जिथे त्या नव्हत्याच. खानावळीच्या व्यवसायात मात्र त्या मालक होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणगावातल्या याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. तुमच्या पणजीने ‘चार माणसांचे करून घातले’ असे घरात सांगत असतील तर ते कौतुकाचे वाक्य म्हणून सोडून देऊ नका. तो धंदा होता, त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले होते आणि तिच्या ताटावर जेवलेल्यांची नातवंडे अजून गावात आहेत. तिचे नाव त्यांच्या घरी मिळेल.

आता गुत्त्याकडे वळू, कारण इथे घरचे लोक हटकून विषय बदलतात. दारूच्या दुकानाने कुटुंबाचा इतिहास कशाला सांगायचा, हा आक्षेप सभ्यतेचा आहे, पुराव्याचा नाही. देशी दारूचे आणि ताडी-माडीचे दुकान हे ब्रिटिश अमलात सरकारी परवान्याने चालणारे, सरकारला घसघशीत महसूल देणारे ठिकाण होते. १८७८चा अबकारी कायदा, परवाने, अबकारी खात्याचे वार्षिक अहवाल अशी त्याची कागदपत्रे इतर कोणत्याही छोट्या दुकानापेक्षा जास्त, आणि ती पाहायला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेख संचालनालयात जावे. भंडारी घराण्यांना तर हे गल्ल्याच्या पलीकडचे दुकान आहे. माडावर चढणे, रस उतरवणे आणि विकणे या कामावर त्यांच्या पिढ्या गेल्या आणि त्या कायद्याने त्यांचे अर्थकारण बदलले. गुत्ता तारीख लावायलाही फार उपयोगी पडतो. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ला दारूबंदी आली, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ती टिकली नाही. मग १९४९चा कायदा झाला आणि १९५०पासून संपूर्ण बंदी आली, ती १९६०च्या दशकात सैल होऊ लागली. त्यामुळे ‘आजोबा संध्याकाळी गुत्त्यावर उघड बसायचे’ आणि ‘आजोबा आंटीच्या अड्ड्यावर मागच्या दाराने जायचे’ ही दोन वाक्ये दोन वेगळ्या दशकांतली आहेत. एकाच कुटुंबात दोन्ही सांगितली जात असतील तर बहुधा एक वाक्य आजोबांचे आहे आणि दुसरे त्यांच्या मुलाचे. पिढ्यांची गल्लत अशी सुटते. गावच्या जमिनीचा एखादा तुकडा का गहाण पडला, हेही कधी कधी इथेच कळते. जिवंत माणसे दुखावणार असतील तर ते लिहून ठेवावे आणि वाटू नये.

शेवटचा आक्षेप असा, की हे सगळे गतकातरतेचे खेळ आहेत. बंद पडलेल्या खानावळींची यादी करायची, खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाचे मासे आठवायचे आणि त्याला संशोधन म्हणायचे. धोका खरा आहे. प्रसिद्ध दुकान आठवणीत आपोआप घुसते. ज्याने त्याने आपले वडील नाक्यावरच्या नामांकित इराण्याकडेच चहा प्यायचे असे सांगितले, तर तो इराणी स्टेशनाएवढा मोठा असायला हवा होता. म्हणून नियम कडक ठेवावा. एखादे दुकान कुटुंबाशी जोडायचे तर त्याला दोन स्वतंत्र साक्षी हव्यात, आणि त्यांतली किमान एक कागदाची: भाडेपावती, शिधापत्रिका, कुपन, लग्नपत्रिकेतला पत्ता, स्मरणिकेतली जाहिरात, महापालिकेच्या मृत्यूनोंदीतला राहण्याचा पत्ता. दोन माणसांनी तेच सांगितले तरी ती एक साक्ष धरावी, कारण ती दोघे एकाच घरात जेवलेली असतात. नावाजलेल्या दुकानापेक्षा ज्याची पाटीही कोणाला आठवत नाही ते दुकान जास्त विश्वासाचे; ते कोणी शोभेसाठी सांगत नाही.

घाई मात्र करावी. गिरगाव-काळबादेवीच्या रस्त्यावर मेट्रो तीनच्या स्थानकांसाठी इमारतीच्या इमारती गेल्या, बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, आणि इमारत पडते तेव्हा माळ्यावरची भाडेवही आधी रद्दीत जाते. ज्यांची इमारत अजून उभी आहे त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात करावी. गाळ्यात आज मोबाइलचे दुकान असले तरी पागडीचा भाडेकरू बऱ्याचदा जुन्याच दुकानदाराच्या घरचा असतो, आणि जुने लायसन लक्ष्मीच्या तसबिरीमागे सापडते. त्याच्याकडे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जावे, तेव्हा गिऱ्हाईक कमी असते. हातात नकाशा ठेवावा, वही नको. वही पाहिली की लोकांना वाटते म्हाडाचा सर्वे आला. आणि तोंड उघडण्याआधी त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यावे.